मुळा, कोरफड आणि रेतनाची नोंदवही

देशातल्या अनेक दूध संघांकडून सध्या एक छापील पत्रक वाटले जाते. गाय वारंवार उलटत असेल, भरवूनही दर एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येत असेल, तर काय करायचे ते त्यात सांगितलेले असते. माजाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवसापासून रोज एक पांढरा मुळा, असे ५ दिवस. पुढचे ४ दिवस कोरफडीचे रोज एक पान. मग ४ दिवस शेवग्याचा पाला, ४ दिवस कांडवेल आणि शेवटचे ४ दिवस हळद घालून कढीपत्ता. पाला आणि वेल रोज चार-चार मुठी. सगळे गूळ-मिठाबरोबर चारायचे. ज्या घराच्या परसात कढीपत्ता आहे, बांधावर शेवगा आहे आणि कुंपणावर कांडवेल चढलेली आहे, त्या घराला हा उपचार जवळजवळ फुकट पडतो.

हा नुसता ऐकीव उपाय नाही. तामिळनाडूतल्या पारंपरिक पशुवैद्यांकडची माहिती गोळा करून तिथल्या पशुवैद्यकीय विद्यापीठात प्रा. एन. पुण्यमूर्ती यांनी त्यावर बरीच वर्षे काम केले. पुढे आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने हे उपचार संघांपर्यंत नेले. कासदाहावरचा कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप त्यातलाच. २०२२ साली लम्पीच्या साथीत विड्याची पाने, मिरी, मीठ आणि गूळ कुटून केलेला घास महाराष्ट्रात गोठ्यागोठ्यांत दिला गेला, तोही याच मालिकेतला. म्हणजे गावच्या जाणत्या माणसाने सांगायचे औषध आता संस्थेच्या नावाने, छापील प्रमाणासह आणि दूध संघाच्या शिक्क्याने येते आहे. ते सार्वजनिक धोरण झाले आहे, आणि म्हणून त्याला सार्वजनिक प्रश्न विचारले पाहिजेत.

माझे म्हणणे असे आहे. हे उपाय सांगायला हरकत नाही. त्यातले काही खरोखर उपयोगी असण्याची शक्यता मला मोठी वाटते. पण जो ते सांगतो त्याने त्याचा निकाल मोजलाच पाहिजे. मोजण्याची सगळी साधने आज गावापर्यंत पोचलेली आहेत. ती हाताशी असताना न मोजणे हा शेतकऱ्यावर अन्याय आहे, आणि ज्यांच्याकडून हे ज्ञान आले त्यांच्यावरही.

प्रजननाच्या बाबतीत हा आग्रह धरण्याचे कारण आहे. अंगावरची जखम बरी झाली की नाही ते चार दिवसांत डोळ्यांना दिसते. गाभ राहिला की नाही हे कळायला तीन आठवडे जातात, आणि खात्री व्हायला दोन-तीन महिने. गाय साधारण २८० दिवस गाभण असते. वर्ष-सव्वा वर्षाला एक वेत हवे तर व्याल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांत ती पुन्हा गाभण राहायला हवी. एकदा उलटली की २१ दिवस गेले. वैरण तेवढीच लागते, पेंड तेवढीच लागते, दूध मात्र दिवसागणिक आटत जाते. गाईवर काढलेल्या कर्जाचा हप्ता दुधाच्या बिलातून कापला जातो, तो थांबत नाही. वांझ गाय विकावी तर घेणारा नाही. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. त्या कायद्याच्या बाजूने किंवा विरुद्ध इथे काही म्हणायचे नाही. पण न फळणारी गाय दावणीला ठेवून पोसणे हाच ज्याच्यापुढे पर्याय आहे, तो शेतकरी कोणी काहीही सुचवले तरी करून पाहतो. अशा माणसाला उपाय सांगणाऱ्याची जबाबदारी जास्त असते.

आता परंपरेत काय पक्के आहे ते आधी पाहू. वार, म्हणजे व्याल्यावर बाहेर पडणारे गर्भाचे वेष्टन, अडकण्याचे उदाहरण घेऊ. आपल्याकडे व्यालेल्या गाईला बांबूचा पाला घालतात, बाजरीच्या घुगऱ्या, गूळ, ओवा, बाळंतशेपा देतात. दुग्धविकास मंडळाच्या पद्धतीत व्याल्यावर दोन तासांच्या आत एक मुळा आणि आठ तासांत वार पडली नाही तर दीड किलो भेंडी गूळ-मिठासह द्यायला सांगितले आहे. बारा तास उलटले तर लोंबणाऱ्या वारीला वर, मुळाशी गाठ मारायची आणि सोडून द्यायचे. हात घालून ओढायची नाही.

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत मोलाची सूचना ही शेवटची आहे. गाईच्या गर्भाशयाच्या आत कितीतरी गाठी असतात आणि वार त्या प्रत्येकीला धरून बसलेली असते. हात घालून ती सोडवताना आतले अस्तर फाटते, जंतू खोल जातात आणि पुढे कित्येक महिने गाय गाभण राहत नाही. एकेकाळी पशुवैद्यकाच्या शिक्षणातच हाताने वार काढायला शिकवत. आता जगभर सल्ला उलटा आहे: ओढू नका, गाईचा ताप बघा, ताप आला किंवा चारा सोडला तर उपचार करा. आपल्या कित्येक गावांत अजून वारीला दगड किंवा जुनी चप्पल बांधतात, म्हणजे वजनाने ती खाली येईल. तेही परंपरेनेच आले आहे आणि ते घातक आहे. बांबूचा पाला आणि चप्पल, दोन्ही एकाच घरात एकाच आजीकडून शिकलेले असतात. सगळेच जपा किंवा सगळेच टाका, असे म्हणणाऱ्यांनी या दोन्हींकडे एकदम बघावे.

मग भेंडीचा वाटा किती? बहुतेक गाईंची वार बारा तासांच्या आत आपोआप पडते. ज्यांची अडकते त्यांचीही बहुतेक वेळा काही दिवसांत सडून सुटते. म्हणून भेंडी दिली आणि वार पडली, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. भेंडी न देता किती पडल्या असत्या हे कळल्याशिवाय तिचे श्रेय ठरवता येत नाही. भेंडीमुळे लोक वाट पाहायला तयार झाले आणि कोणी हात घातला नाही, एवढ्यानेही गाय वाचली असेल. तसे असेल तरी ते कळायला हवे.

वारीच्या निमित्ताने एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे, कारण औषधाच्या चर्चेत ती मागे पडते. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर गाय गाभडली आणि वारही अडकली, तर तो ब्रुसेल्लोसिस असू शकतो. तो माणसाला होतो. उघड्या हाताने वार उचलणाऱ्या बाईला, गाभडलेले वासरू पुरणाऱ्या माणसाला तो लागतो आणि महिनोन् महिने उलटसुलट ताप, सांधेदुखी, थकवा देत राहतो. या रोगावर कोणताही पाला नाही. ४ ते ८ महिने वयाच्या कालवडींना आणि वगारींना लस देणे हाच उपाय आहे, आणि २०१९ पासून लाळ्या-खुरकुताबरोबर ब्रुसेल्लोसिसचे लसीकरणही राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. गोठ्यात गाभ टाकण्याची घटना घडली की पहिल्यांदा रक्ताची तपासणी झाली पाहिजे. मुळा नंतर. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा, वार खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांना ओढू देऊ नका. उपचारांच्या पत्रकावर या ओळी सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत छापायला हव्यात.

वनस्पतींचा प्रजननावर परिणाम होतच नाही, असे म्हणणाऱ्यांनाही उत्तर द्यायला हवे. तो होतो, आणि कधीकधी फार मोठा होतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४० च्या दशकात क्लोव्हर नावाचे गवत भरपूर असलेल्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. शोध घेतल्यावर कळले की त्या गवतात स्त्री-संप्रेरकासारखे वागणारे द्रव्य आहे आणि मेंढीच्या पोटात त्याचे आणखी प्रभावी द्रव्य तयार होते. कळपच्या कळप वांझ झाले होते. आपण जो लसूणघास आवडीने घालतो त्यातही अशा जातीचे एक द्रव्य असते. म्हणजे पाल्यात ताकद आहे, आणि ताकद आहे म्हणूनच प्रमाण, वेळ आणि जनावर पाहणे गरजेचे ठरते. ‘झाडपाला आहे, अपाय तर होणार नाही’ हे वाक्य मला सगळ्यांत धोक्याचे वाटते. कळलावीचा कंद अडलेल्या बाळंतपणासाठी वापरण्याची जुनी प्रथा आहे. त्यात कोल्चिसिन नावाचे विष असते, ते थोड्या मात्रेतही जीव घेते आणि दुधातही उतरते. बांबूच्या नळीने काढा पाजताना गाईला ठसका लागला आणि औषध फुप्फुसात गेले, तर काढा कितीही निर्दोष असला तरी गाय न्यूमोनियाने जाते.

याला जोडून ग्रंथांचा दाखला तपासावा लागतो. पशुवैद्यकाची परंपरा म्हटले की शालिहोत्र आणि पालकाप्य यांची नावे घेतली जातात. शालिहोत्र घोड्यांचे, पालकाप्य हत्तींचे. राजाच्या पागेत आणि गजशाळेत ज्यांची गरज होती त्या जनावरांवर मोठे ग्रंथ लिहिले गेले. गाईंच्या उपचारांचा विचार अग्निपुराणासारख्या ठिकाणी येतो, पण घोडा-हत्तीच्या मानाने तो थोडा. आणि घोडा-हत्ती हे रवंथ करणारे प्राणी नव्हेत. गाईच्या पोटात शंभर लिटरहून मोठी आंबवणाची जागा आहे. तिथले सूक्ष्मजीव पाल्यातली द्रव्ये मोडतात, बदलतात, कधी निकामी करतात, कधी त्या मेंढ्यांप्रमाणे जास्त तीव्र करतात. म्हणून घोड्याची मात्रा गाईला लावता येत नाही आणि बाळंतिणीला दिलेली शतावरी ‘वजनाच्या हिशेबाने’ वाढवून म्हशीला दिली की काम झाले, असेही नाही. गाई-म्हशींचे खरे ज्ञान धनगर, गवळी, खिल्लार पाळणारे माणदेशी शेतकरी आणि गोठ्यात रोज शेण काढणाऱ्या बायका यांनी तोंडी सांभाळले. संस्कृत श्लोकांपेक्षा तिथे कमी बघितले गेले, हे आपल्या विद्यापीठांचे आणि परंपरेच्या अभिमान्यांचे, दोघांचेही दुर्लक्ष आहे. पुण्यातून काम करणाऱ्या अंथ्रासारख्या, महिला पशुवैद्यकांनी उभ्या केलेल्या संस्थेने अशा माहितीची पद्धतशीर नोंद केली, पण असे काम फार थोड्यांनी केले.

आता उलटणाऱ्या गाईचा हिशेब. तो मी सविस्तर मांडणार आहे, कारण सगळा वाद या हिशेबाभोवती फिरतो.

समजा गावातल्या १०० निरोगी गाई आहेत. कुणालाही काही आजार नाही. कृत्रिम रेतनाने एका वेळेला ४० टक्के गाई गाभण राहतात असे धरू. आपल्याकडच्या शेतावरच्या परिस्थितीत हे प्रमाण कमी म्हणता येणार नाही. पहिल्या रेतनात ४० गाभण. उरलेल्या ६० पैकी दुसऱ्या वेळी २४. उरलेल्या ३६ पैकी तिसऱ्या वेळी १४. उरल्या २२. तीन वेळा भरवूनही या २२ गाभण नाहीत, आणि पुस्तकाच्या व्याख्येने त्या आता ‘वारंवार उलटणाऱ्या’ गाई झाल्या. प्रत्यक्षात त्यांच्यात काही बिघाड नाही, त्यांची संधी हुकली एवढेच. चौथ्या वेळी काहीही न करता त्यांतल्या ९ गाभण राहतील. आता या २२ गाईंना मुळा-कोरफड दिली तर ९ शेतकरी सांगतील की मुळ्याने काम केले. गर्भाशयात अँटिबायोटिक सोडले तर तेच ९ शेतकरी सांगतील की औषधाने काम केले. नवस बोलले तरी तेवढेच. त्यांच्यापैकी कोणी खोटे बोलत नसेल. प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले असेल.

त्यात आणखी एक गुंता आहे. पत्रकातले दिवस मोजले तर ५ आणि चार वेळा ४ मिळून २१ होतात, म्हणजे बरोबर एक ऋतुचक्र. या काळात गाईला विश्रांती मिळते, गर्भाशयात सौम्य दाह असेल तर तो पुढच्या माजात स्वच्छ सोटाबरोबर, म्हणजे माजातल्या चिकट स्रावाबरोबर, निघून जायला वाव मिळतो. एक माज सोडून द्या, असे पशुवैद्यकही कित्येकदा सांगतात. मग फायदा मुळ्याचा, कोरफडीचा, की थांबण्याचा? संघांकडून ऐकू येतात ते बहुतेक आकडे बऱ्या झालेल्या गाईंची बेरीज असतात. उपचार न दिलेल्या, पण त्याच काळात त्याच गावात असलेल्या गाई शेजारी मांडल्याशिवाय या बेरजेला अर्थ येत नाही.

आणि ज्या गाई खरोखर कारणाने उलटतात त्यांचे काय? ऊसपट्ट्यात कित्येक गोठ्यांत महिनोन् महिने मुख्य वैरण उसाचे वाढे असते. वाढ्यातले ऑक्झलेट नावाचे द्रव्य कॅल्शियमला बांधून टाकते. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडा, खनिज मिश्रण द्या, हिरवी-वाळलेली वैरण मिसळून घाला, असे पशुपोषणाचे जाणकार सांगत आले आहेत. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात छावणीतल्या हाडे दिसणाऱ्या गाई माजावर आल्या नाहीत, कारण उपाशी शरीर गर्भ धरण्याचे काम आधी बंद करते. अशा गाईला चार मुठी शेवगा पुरणार नाही. तिला पोटभर चारा लागतो. जुळ्यांत गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड बहुतेक वेळा जन्मतःच वांझ असते, तिच्यावर कशाचाही खर्च करणे व्यर्थ आहे. कधी दोष गाईत नसतोच. रेतमात्रा उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये असावी लागते. भांड्यातला नायट्रोजन कमी झाला, रेताची कांडी कोमट पाण्यात नीट वितळवली नाही, रेतन वेळेवर झाले नाही, की गाय उलटते आणि दोष तिच्या माथी येतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, एवढा साधा नियमही रेतन करणारा माणूस दुपारी येणार असेल तर मोडतो. ही कारणे न शोधता पहिल्या दिवसापासून मुळा सुरू केला तर पुढचे २१ दिवस हातचे गेले.

मात्र हा आक्षेप घेऊन जे पाल्याला अंधश्रद्धा ठरवतात, त्यांच्या बाजूला काय चालते तेही सांगायला हवे. गाय दोनदा उलटली की ‘पिशवी धुऊ’ असे सांगून गर्भाशयात औषध सोडले जाते. कोणता जंतू, कोणते औषध लागू पडेल, हे बघायला नमुना क्वचितच प्रयोगशाळेत जातो. औषधाचा अंश दुधात किती दिवस येईल, ते दूध संकलनात घालायचे की नाही, हे गाईच्या मालकिणीला कोणी सांगत नाही, आणि सांगितले तरी ते दूध ओतून देण्याची तिची ऐपत नसते. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू अशाच छोट्या-छोट्या निष्काळजीपणातून वाढतात. गाय आधीच गाभण आहे का हे न तपासता माजावर आणण्याचे इंजेक्शन दिल्याने गाभ पडल्याच्या तक्रारी गावोगाव ऐकू येतात. या उपचारांमागे शास्त्र आहे हे खरे. पण ज्या रीतीने ते गोठ्यात होतात त्या रीतीची परीक्षा कोणी घेतलेली नाही. मुळ्याकडे पुरावा मागणाऱ्याने या बाटलीकडेही तोच मागावा. दोघांना एकच कसोटी लावा, एवढेच मागणे आहे.

परंपरेच्या बाजूने नेहमी एक प्रश्न येतो: पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव हाच पुरावा नाही का? तो पुराव्याची सुरुवात आहे, हे मी मान्य करतो. कोणत्या झाडाकडे पाहायचे हे त्या अनुभवानेच सांगितले. प्रयोगशाळेत बसून कोणाला कांडवेल सुचली नसती. पण तो अनुभव डोंगरावर चरणाऱ्या डांगीचा, औत ओढणाऱ्या खोंडांना जन्म देणाऱ्या खिल्लारीचा आहे. आज ज्या गाईला आपण पाला घालतो ती सिमेंटच्या कोब्यावर बांधलेली, दिवसाला वीस लिटर दूध देणारी होल्स्टीन संकरित गाय आहे. तिच्या शरीरावरचा ताण वेगळा, खुराक वेगळा, आजार वेगळे. एकीच्या अनुभवावरून दुसरीची खात्री देता येत नाही.

दुसरा प्रश्न पैशाचा असतो. मुळ्याचे पेटंट कोणाला मिळणार नाही, म्हणून कोणती कंपनी त्याच्या चाचणीवर खर्च करणार? हे अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच हे काम सरकारचे, संघांचे आणि विद्यापीठांचे आहे. ते करायला काय लागते? प्रत्येक गाईच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला आहे. तिचे रेतन, गाभण तपासणी, विणे, लसीकरण हे आधी दुग्धविकास मंडळाच्या प्रणालीत आणि आता ‘भारत पशुधन’ या सरकारी नोंदप्रणालीमध्ये नोंदवायचे असते. मग एका संघाच्या क्षेत्रातली गावे घ्या. चिठ्ठ्या टाका. निम्म्या गावांत उलटणाऱ्या गाईंना या वर्षी मुळा-कोरफडीचा उपचार द्या, उरलेल्या गावांत पुढच्या वर्षी. खनिज मिश्रण, एक माज सोडणे आणि पशुवैद्यकाची एक तपासणी दोन्हीकडे सारखी ठेवा, म्हणजे कुणी वंचित राहणार नाही आणि विश्रांतीचा फायदा पाल्याच्या खात्यात जाणार नाही. मग माज आला की नाही हे मोजू नका, त्यात फसगत होते. तीन महिन्यांची गाभण तपासणी आणि प्रत्यक्ष विणे मोजा. तपासणाऱ्याला ते गाव कोणत्या गटातले आहे हे सांगू नका. एवढ्यासाठी नवी इमारत लागत नाही, परदेशी यंत्र लागत नाही. नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये राज्यात ठिकठिकाणी आहेत, १९६७ साली उरुळीकांचनला उभ्या राहिलेल्या ‘बाएफ’ या संस्थेचे कृत्रिम रेतनाचे जाळे आहे. माणसे आहेत, नोंदी आहेत, विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवेच असतात.

निकाल काहीही लागो, तो कामाचा आहे. उपचार चालत असेल तर तो सरकारी दवाखान्यात सांगितला जावा, १९६२ क्रमांकावर फोन केल्यावर येणाऱ्या फिरत्या पथकाने सांगावा, आणि पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमात जावा. चालत नसेल तर पत्रक मागे घ्यावे आणि गाईचे ते २१ दिवस वाचवावेत. अर्धवट चालत असेल, म्हणजे सौम्य दाहात चालतो आणि माजावरच न येणाऱ्या गाईत चालत नाही असे निघाले, तर ते सगळ्यांत उपयोगाचे, कारण मग कोणाला द्यायचा हे कळेल.

परंपरेच्या नावाने बाजारात विकल्या जाणाऱ्या बाटल्यांबद्दलही बोलायला हवे. ‘गर्भाशय टॉनिक’ म्हणून मिळणाऱ्या द्रावणांवर अशोक, लोध्र, शतावरी, जिवंती अशी नावे असतात. मुळा हातात धरून शेतकरी तो ओळखतो. बाटलीत काय आहे हे त्याला ओळखता येत नाही. खऱ्या अशोकाच्या, म्हणजे सीता अशोकाच्या सालीसाठी इतकी झाडे सोलली गेली की तो निसर्गात संकटात आला आहे, आणि त्याच्या जागी रस्त्याकडेच्या उंच सरळ आसुपालवाची साल मिसळली जाते हे वनस्पतींच्या अभ्यासकांना जुने ठाऊक आहे. जनावरांसाठीच्या आयुर्वेदिक औषधाला १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना लागतो, पण तीच वस्तू पूरक खाद्य म्हणून विकली की चौकशी सैल होते. शेतकऱ्याने बाटलीसाठी दिलेले पैसे परंपरेला जात नाहीत, ज्या गवळ्याने ते झाड दाखवले त्यालाही जात नाहीत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावच्या समित्यांना लोकांकडचे पारंपरिक ज्ञान नोंदवायला सांगितले. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथांत नोंदलेल्या ज्ञानाच्या वापराला लाभवाटपातून सूट दिली. जनावरांचे ज्ञान बहुतेक तोंडी आहे. उद्या कोणी ते छापले, आणि मग ते ‘नोंदलेले’ म्हणून मोकळे झाले, तर मूळ जाणकाराच्या पदरात काय पडेल, हा प्रश्न आत्ताच विचारला पाहिजे. चाचणी करणाऱ्या विद्यापीठाने ज्या माणसांकडून उपाय मिळाला त्यांची नावे त्यांच्या संमतीने अहवालात आधी लिहावीत, हे किमान.

आणि शेवटी ज्या ज्ञानाची बाटली भरता येत नाही त्याविषयी. गाई-म्हशी सांभाळणाऱ्या जुन्या माणसांचे मोठे कौशल्य औषधापेक्षा डोळ्यात होते. म्हशीचा मुका माज त्यांना दिसे. तिने मागच्या रात्री दूध थोडे चोरले, शेपटीच्या मुळाशी सोट वाळून चिकटलेला आहे, पहाटे एकदाच वेगळ्या आवाजात रेकली, एवढ्यावरून ते ओळखत. कळप मोकळा असे, गाई एकमेकींवर चढत, वळू हुंगत फिरे. आता गाय चोवीस तास दाव्याला बांधलेली. चढायला दुसरी गाय मोकळी नाही, पाहायला घरात सकाळी-रात्री कोणाला वेळ नाही. माज हुकतो आणि त्याला ‘गाय माजावर येत नाही’ असे म्हटले जाते. मग मेथी, अळीव, इंजेक्शन, सगळे सुरू होते. माझ्या मते आपल्या प्रजननाच्या तक्रारींचा मोठा भाग या न पाहिलेल्या माजांचा आहे. गाईंना दिवसातून दोनदा अर्धा तास मोकळे सोडणे, भिंतीवर माजाच्या तारखांचे कॅलेंडर आणि पहाटे-रात्री गोठ्यात एक फेरी, यांचा प्रचार कुठल्याही वनस्पतीइतक्याच जोमाने व्हायला हवा. हे शिकवायला ज्या बायका आणि वयस्कर माणसे सक्षम आहेत त्यांना संघांनी मानधन देऊन गावोगाव बोलवावे. शेतकरी मेळाव्यात व्यासपीठावर त्यांची खुर्ची पशुधन विकास अधिकाऱ्याच्या शेजारी असावी.

दूध संघांच्या वार्षिक सभा सप्टेंबरच्या आसपास होतात. तिथे दुधाच्या दरावर भांडण होते, ते व्हायलाच हवे. त्याच सभेत सभासदांनी लेखी प्रश्न द्यावा: गेल्या वर्षी संघाने सांगितलेला झाडपाल्याचा उपचार किती गाईंना दिला, त्यांतल्या किती व्याल्या, गर्भाशयात औषध सोडलेल्या किती व्याल्या, आणि काहीच न केलेल्या किती. हे आकडे बिल्ल्यांच्या नोंदीतून काढता येतात. पहिल्या वर्षी उत्तर मिळणार नाही. ठराव करून पुढच्या सभेपर्यंत मुदत द्यावी.